शुगरचे सीनियर

रिसोडला सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला कोणी वय विचारत नाही. पिंगलाक्षीच्या देवळाच्या बाजूला "किती वर्षांची?" असा प्रश्न कानावर आला, तर तो शुगरबद्दल असतो. तीन वर्षांची म्हणजे अजून लेकरू. त्यानं ऐकून घ्यायचं. दहा वर्षांची असेल तर मधूनमधून बोलायला हरकत नाही. आणि जिची वीस उलटली, जिनं पायाला मुंग्या आणल्या, डोळ्याचं एक ऑपरेशन करवलं, तिचा मालक सीनियर. त्याच्यापुढे एमडी झालेला डॉक्टरसुद्धा उमेदवारीवरच असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. एवढ्या मोठ्या खात्याला ज्येष्ठतायादी नको?

आमच्या यादीत पहिलं नाव पटवारीकाकांचं. कागदावर ते निवृत्त तलाठी, पण वऱ्हाडात पटवारी म्हटलं की कसं भरल्यासारखं वाटतं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा खुर्ची तसूभर न हलता काकांचा जिल्हा बदलला. शुगरही त्याच सुमारास लागली. दोन्हींचा ठपका ते एकाच आवाजात सरकारवर ठेवतात.

उभ्या पिकाकडे पाहून पैसेवारी सांगायची जन्माची सवय. आता ते माणसांची सांगतात. समोरून येणाऱ्याची चाल दुरूनच जोखतात आणि हळूच म्हणतात, "दोनशेच्या वर हाय." पुढे रिपोर्ट काय येतो, हा रिपोर्टचा प्रश्न. लोणीच्या सखाराम महाराजांच्या महाप्रसादाला बसले की बुंदीला नाही म्हणत नाहीत. ज्युनियरांनी डोळे वटारले तर उत्तर तयार: "कव्हा थांबाव हे ज्याले समजते, त्याले चालते." कुठे थांबले ते मात्र आजवर कोणी पाहिलेलं नाही.

अशा या माणसाच्या ओसरीवर चिकू आला.

शहरातली लेकरं हट्टानं जनावरं घेतात, आणि ती जनावरं कधी ना कधी तालुक्याच्या गावी आजी-आजोबांच्या नावावर चढतात. पुण्याचा नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत पिंजरा घेऊन आला आणि पिंजरा ठेवून गेला. आत तपकिरी-पांढरा, बिनशेपटीचा, सदैव काहीतरी चघळणारा गिनीपिग. गल्ली पाहायला लोटली. "काहून हो काका, हा उंदीर हाय का ससा?" काका म्हणाले, "नोंद गिनीपिग म्हणून हाय." हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराचा आणि तिकडे पेरूत लोक तो भाजून खातात, असं कोणीतरी सांगितलं. काकूंनी त्या दिवसापासून त्याचे लाड दुप्पट केले. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी केळं, संध्याकाळी शेजारणीची शेव. कोणाकडे सत्यनारायण झाला तर शिऱ्यातही त्याचा वाटा.

दसऱ्यापर्यंत चिकू बाटलीच्या बाटली पाणी रिचवू लागला. खालचा पेपर घटकेत भिजायचा. खाणं भरपूर, पण अंग उतरलेलं, आणि डाव्या डोळ्यात दुधी ठिपका. काकांनी एकदाच पाहिलं. "शुगर."

"तुम्हाला तर भिंतीलाही शुगर दिसते," काकू म्हणाल्या.

या खेपेला मात्र काका बरोबर होते. जनावरांच्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो, पण त्यांनी चिकूला तळहातावर घेऊन नीट तपासलं, अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतल्या आपल्या सरांना फोन लावला आणि लघवी तपासून निकाल दिला: साखर आहे. गिनीपिगला हा आजार आपणहून होऊ शकतो, आणि त्याच्यामागून मोतीबिंदूही येतो. काकांचा चेहरा गंभीर होता, पण आत कुठेतरी त्यांना बढती मिळाली होती.

"उपाशीपोटी कव्हा आणू?" त्यांनी विचारलं.

"उपाशी ठेवायचाच नाही," डॉक्टर म्हणाले. "याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दिवसभर खाणं तुटलं तर पोट थांबतं, यकृत बिघडतं, जनावर हातचं जातं."

काका बराच वेळ बोलले नाहीत. सारी उमर ज्या दोन आकड्यांवर उभी, त्यातला एक कोणीतरी खोडून टाकला होता. "म्हणजे उपाशीपोटी नाई. जेवून दोन तासांनं म्हणाव, तर हा दिवसभर जेवूनच राह्यला. मंग याची शुगर नेमकी कव्हाची?"

कानाला टोचून रक्त घेता येतं, पण भीतीनंच या प्राण्याची साखर चढते, म्हणून घरी रोज लघवीची पट्टी बघायची असं ठरलं. इथून पटवारीकाकांना खरं काम मिळालं. धुऊन कोरड्या केलेल्या प्लास्टिकच्या टोपल्यात चिकूला ठेवायचं, समोर गवताची मूठ टाकायची आणि वाट पाहायची. काम झालं की बिनसुईच्या सिरिंजनं दोन थेंब उचलून पट्टीवर सोडायचे आणि घड्याळ लावून रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचा. या विधीला काका पंचनामा म्हणतात आणि तो दोन पंचांशिवाय होत नाही. लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात रकाने आखले आहेत: तारीख, वजन, पाणी, पट्टीचा रंग, शेरा. शेऱ्यात कधी "स्थिती समाधानकारक", तर कधी "सदर इसमाने सहकार्य केले नाही".

पथ्यातही पटवारीपण कामाला आलं. वाळलं गवत दिवसरात्र पुढ्यात हवं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर शेजाऱ्यानं मायेनं सोयाबीनचं कुटार आणून दिलं. काकांनी ते परत पाठवलं. कोणत्या गायरानात चांगला मारवेल उगवतो, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला पाठ आहे? बिस्कीट, केळं, शेव, दाणे सगळं बंद. वर क जीवनसत्त्व पाहिजे, कारण आपल्यासारखंच या प्राण्यालाही ते शरीरात तयार करता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही झाला. त्या धाग्यावरून पुढे हे जीवनसत्त्व सापडलं. रिसोडच्या आठवडी बाजारात या इतिहासाचा परिणाम एवढाच, की पटवारीकाका ढोबळी मिरची निवडताना दिसू लागले. भाजीवाली म्हणाली, "भाजी करता का काका?" काका म्हणाले, "पेशंटसाठी."

फिरणाऱ्या मंडळींना इतक्या वर्षांत इतका ज्युनियर सदस्य मिळाला नव्हता. सगळ्यांनी आपापली संपत्ती पुढे केली. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी. एकानं तर खिशातून स्वतःची गोळी काढली. "चतकोर द्या. मले लागू पडली."

"तुमचं वजन किती?"

"नव्वद."

"त्याचं नऊशे ग्रॅम. एका गोळीचे शंभर तुकडे करून आणा, मंग बोलू."

इन्सुलिनचा विषयही निघाला. माणसाच्या आणि डुकराच्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक, म्हणून माणसांनी वर्षानुवर्षं डुकराचं टोचून घेतलं. गिनीपिगचं मात्र या सगळ्यांहून फारच वेगळ्या घडणीचं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. काकांनी ते मंडळींपर्यंत पोचवलं: "याचा सर्व्हे नंबरच अलग हाय." बहुतेक गिनीपिगांचं आहारावर भागतं, सुई क्वचितच लागते, हेही सांगितलं. त्यावर इन्सुलिनवर असलेले दोघं उगाच खाली पाहू लागले.

रोज सकाळी स्वतःच्या आकड्याआधी चिकूचा रंग जाहीर व्हायचा. तपकिरी. तपकिरी. हिरवट. परत तपकिरी, कारण काकूंनी पोळीचा तुकडा दिला होता. त्याचीही रजिस्टरात साक्षीदारांसह नोंद आहे. मग रंग हळूहळू उतरत गेला. पाण्याची बाटली दिवसभर पुरू लागली. संक्रांतीनंतर पट्टी निळसर राहू लागली ती राहूच लागली. डॉक्टर म्हणाले, काही गिनीपिगांत साखर अशी पूर्ण नॉर्मल होते. लक्ष ठेवा, पथ्य मोडू नका.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "काका, चिकूची गेली!"

काकांना ते मानवलं नाही. इतक्या वर्षांत कोणाची शुगर गेल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि पहिलाच मान या शेपूट नसलेल्याला द्यावा हे पटेना. "जात नसते. दबून बसते. डोळ्यात मोतीबिंदू हाय का नाई? तोच पुरावा." कोणी तरी यादीतून नाव काढा म्हणालं. काका उसळले. "नोंद खोडता येत नसते. फेरफार होते." दुसऱ्या दिवशी रजिस्टरात फेरफार चढला: "सद्यस्थितीत साखर निरंक. कब्जा कायम."

गेल्या आठवड्यात बँक कॉलनीतला एक तरुण आपला लठ्ठ लॅब्रॅडॉर घेऊन काकांच्या ओसरीवर आला. कुत्रा पाणी फार पितो म्हणाला, दवाखान्यात न्यायच्या आधी तुम्ही एकदा पाहा. काकांनी चष्मा चढवला, कुत्र्याला दोनदा अंगणात चालवून पाहिलं, रजिस्टरचं कोरं पान काढलं आणि पेन उघडून विचारलं, "घरात कोणाले हाय का?"

तरुण म्हणाला, "माह्या सासऱ्याले."

काकांनी लिहून घेतलं.