येशू आणि पाहुणे

जॉर्ज स्टीव्हन्सचा 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड' (१९६५) पाहताना येशूच्या सहनशीलतेचं नव्याने कौतुक वाटतं. जगाची पापं त्याने आपणहून अंगावर घेतली होती. हॉलिवूडचे एवढे नट मात्र कुणीतरी लादले. लग्नाच्या स्वागतसमारंभात ओळीने स्टेजवर चढून फोटो काढून उतरणाऱ्या पाहुण्यांसारखे ते येतात आणि जातात. चित्रीकरण झालं अमेरिकेच्या पश्चिमेत. गॅलिलीचा समुद्र नेवाडातल्या पिरॅमिड सरोवराने वठवला, आणि बऱ्याच नटांपेक्षा बरा वठवला. त्या तांबड्या कड्यांमागून आता घोडेस्वार दौडत येणार, असं सारखं वाटत राहतं; आणि शेवटी क्रुसापाशी खरंच जॉन वेन उभा असतो, रोमन शताधिपतीच्या वेषात, वाट्याला आलेलं वाक्य काउबॉयच्या संथ सुरात म्हणत.

स्वतः येशू म्हणजे मॅक्स फॉन सिडो. बर्गमनच्या चित्रपटात साक्षात मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेला हा स्वीडिश नट इथे एकेक शब्द असा उच्चारतो, की तो दगडात कोरून झाल्याशिवाय पुढचा निघत नाही. लाझरस थडग्यातून उठतो तेव्हा तर हँडेलचा 'हालेलुया' दुमदुमतो. इतक्या गजरात कुणीही उठला असता. चमत्काराला करायला काही उरतच नाही. सुमारे २ कोटी डॉलर, मुळात ४ तासांहून लांब, पुढे कात्री लागत गेलेला हा पट. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत येशूवरचाच एक साधा मूकपट पाहताना फाळक्यांना पडद्यावर कृष्ण दिसू लागला होता!

पण स्टीव्हन्सवर रागावणंही जमत नाही. 'स्विंग टाइम'सारखा हलका, नाचरा चित्रपट याच माणसाचा. १९४५ मध्ये सैन्याच्या कॅमेरा पथकाबरोबर तो दाखाउच्या छळछावणीत गेला, तिथलं सगळं त्याने चित्रित केलं आणि त्यानंतर पुन्हा विनोदी चित्रपट केला नाही. देवाच्या गोष्टीपुढे तो इतका ताठ, इतका जपून का उभा राहिला असेल, याचा मग थोडा अंदाज येतो. तरी वाटतं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाची गोष्ट युद्धाआधीच्या स्टीव्हन्सने सांगायला हवी होती. द्राक्षारस संपलाय, यजमानाचा चेहरा पडलाय, आई लेकाच्या कानाशी लागलीय आणि लेक म्हणतोय, माझी वेळ अजून आली नाही. आई त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि वाढप्यांकडे वळते.