बलोपासनेचा तास

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत खर्ची घालून शरीर कमावले व अनुत्तीर्ण होऊन त्याची किंमत चुकती केली, हा इतिहास त्यांच्याच जन्मनगरीत दर १ ऑगस्टला विद्यार्थ्यांकडून मोठ्या अभिमानाने वदवून घेतला जातो. परंतु त्या स्फूर्तीने एखादा नववीतला कबड्डीपटू पायांत बळ यावे म्हणून नित्यनेमाने बैठका मारू लागला, की पालक शिकवणीचे वेळापत्रक पुढे करतात आणि शाळा व्यायामाचा तास गणिताच्या खाती वर्ग करते. दहावीला खेळाडूच्या सवलतीच्या गुणांसाठीचा अर्ज मात्र मुदतीपूर्वी दाखल होतो. स्नायूंना सवलतीचे गुण मिळत नाहीत, एवढे उभयपक्षांनी दफ्तरी नोंदवून घ्यावे.