अथातो वायुजिज्ञासा

ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार कलमं सांगून टाकावीत, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. प्रस्तुत प्रबंधाचा अधिकारी म्हणजे तबकडीची एक अख्खी बाजू, सुमारे वीस मिनिटं, ‘गाणं कधी सुरू होणार?’ असं न विचारता ऐकणारा मुमुक्षू. विषय : सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह आणि स्पेस रॉकच्या, सहसा कुणी नाव घेत नाही अशा तबकड्यांमध्ये सिंथेसायझरमधून वाहणारा वारा. प्रयोजन : त्यांतल्या कोणत्या ऐकाव्यात याचा निर्णय. संबंध मात्र शोधूनही सापडला नाही. तो वाचकांनी आपापला जोडून घ्यावा.

वारा येतो, याबद्दल मतभेद नाहीत. सुई टेकली की आधी ‘हूऽऽ’, मग डावीकडून उजवीकडे ‘श्शूऽऽ’, आणि बऱ्याच वेळाने ड्रमवाल्याला जाग येते. अडचण एवढीच, की अवकाशात हवा नाही. मग हा वारा कशाचा? पूर्वपक्ष इथे सौरवाताचा दाखला देतो : सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने भारित कण येतच असतात की! युक्तिवाद भारदस्त आहे. पण पृथ्वीजवळ एका घनसेंटीमीटरमध्ये त्यातले जेमतेम पाच-दहा कण सापडतात, आणि एवढ्या भांडवलावर ‘हूऽऽ’ निघत नाही.

सिद्धान्त असा, की हा वारा लंडनहून सुटला. १९६९ साली पीटर झिनोव्हिएफ, ट्रिस्ट्रम कॅरी आणि डेव्हिड कॉकरेल या त्रिमूर्तीच्या ईएमएस कंपनीने व्हीसीएस-३ नावाची एक लाकडी पेटी ३३० पौंडांना विकायला काढली. पेटी म्हणायची खरी, पण तिला पट्ट्याच नव्हत्या. हव्या असतील तर वेगळ्या घ्यायच्या. सोळा गुणिले सोळा भोकांची जाळी, तिच्यात खुंट्या खोचायच्या आणि शेजारची दांडी हलवत बसायचं. तिचे ऑसिलेटर सुरात टिकत नसत, त्यामुळे साधी सरगम काढतानाही घाम फुटावा. पण तिच्या पोटात व्हाइट नॉइज होता, म्हणजे आकाशवाणीचं केंद्र लागेपर्यंत रेडिओ करतो ती खरखर. ती खरखर फिल्टरमधून सोडून एक गोल बटण सावकाश फिरवलं, की वरच्या कंप्रता गळत जातात आणि खरखरीचा वारा होतो. ज्या वाद्यावर सूर लागता लागत नाही आणि वारा मात्र आपसूक वाहतो, त्याचं वादकाने करायचं काय? आधी हे यंत्र विकत घेतलं गेलं आणि त्याचं समर्थन म्हणून अवकाशयात्रा मागाहून सुचली, असं आमचं नम्र मत आहे.

या पंथाचा आद्यग्रंथ म्हणजे हॉकविंड या बँडचा ‘स्पेस रिचुअल’ (१९७३). त्यात वाऱ्याला चक्क नोकरी आहे : दोन गाण्यांमधली फट बुजवणं. पण तो पंथातल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळ्यांना पाठ असलेल्यावर प्रबंध लिहिण्यात विद्वत्ता ती काय? म्हणून आडवाटेला वळू.

हॅनोव्हरच्या इलॉय या मंडळींचं नाव एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मधल्या इलॉय जमातीवरून आलेलं. त्यांच्या ‘ओशन’ (१९७७) या तबकडीत अटलांटिसचा उदय आणि अस्त चार प्रकरणांत सांगितला आहे. गीतं लिहिली ड्रमवादक युर्गेन रोझेनथाल यांनी, इंग्रजीत. उच्चार मात्र शेवटपर्यंत हॅनोव्हर सोडत नाहीत. खरा संशोधनविषय शेवटच्या प्रकरणाच्या शीर्षकात दडला आहे. तिथे अटलांटिसच्या यातनांचा मुहूर्त दिला आहे : ५ जून, ८४९८, वेळ १३ पी.एम., ग्रेगोरियन पृथ्वीकालानुसार. मध्यान्हीनंतर तेरा तास मोजावेत तर रात्रीचा एक वाजतो, म्हणजे ग्रेगोरियन हिशेबाने तारीखच उलटते. आपल्या हिशेबाने अजून सूर्योदय व्हायचा असल्यामुळे वार तोच राहतो. तेव्हा हा मुहूर्त पंचांगवाल्यांनीच काढून दिला असावा, ही शक्यता आम्ही खुली ठेवतो. या प्रकरणाच्या सुरुवातीला ड्रम नाहीत. सिंथेसायझरचं धुकं आणि त्यावर अतिशय गंभीर निवेदन. यादीत पहिला क्रमांक हिचाच. रात्री ऐकावी, पण १३ पी.एम.च्या आत संपवावी.

पुढे ग्रंथसूचीची पंचाईत सुरू होते. गाँग या टोळीत सिंथेसायझर वाजवणारे टिम ब्लेक तबकडीवर ‘हाय टी मूनवीड’ या नावाने हजेरी लावतात आणि गिटारवाले स्टीव्ह हिलेज ‘हिलसाइड व्हिलेज’ होतात. अकारविल्हे यादी लावणाऱ्याने रडावं की काय? सुदैवाने ब्लेक यांनी ‘क्रिस्टल मशीन’ (१९७७) स्वतःच्या नावाने काढली. ती घ्यावी. सिरिल व्हेर्दो यांची ‘क्लिअरलाइट सिंफनी’ (१९७५) हीसुद्धा घ्यावी. एकच रचना, दोन बाजूंत चिरलेली.

फ्रान्सच्या एल्डॉनला टाळता येत नाही, कारण तिथे प्रबंधकर्त्याच्या पोटावर पाय येतो. संस्थापक रिशार पिन्यास स्वतः तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. १९७४च्या ‘एलेक्त्रोनिक गेरिया’ या तबकडीत एका तुकड्यावर प्रत्यक्ष तत्त्वज्ञ जील दलझ नीत्शे वाचून दाखवतात. म्हणजे टीप, संदर्भ आणि भाष्यकार तबकडीतच समाविष्ट. आमच्यासारख्यांनी मग करायचं काय?

आता शंका-समाधान. म्यूनिकच्या पोपोल वूहची ‘आफेनश्टुंडं’ (१९७०) ही जर्मनीतल्या अगदी पहिल्यावहिल्या मूग सिंथेसायझरांपैकी एकावर वाजवलेली. या चमूतल्या फ्लोरियान फ्रिके यांनी पुढे त्या यंत्राचा संन्यास घेतला आणि मूग क्लाउस शुल्त्सं यांना विकून टाकला. त्याच शुल्त्सं यांची पहिली तबकडी ‘इरलिश्ट’ (१९७२), जी पंथात वेदतुल्य मानतात, तिच्यात सिंथेसायझर औषधालाही नाही! बिघडलेला ऑर्गन, वाद्यवृंदाच्या सरावाची टेप, तीही उलटी फिरवलेली. तरी वारा आहे, आणि भरपूर आहे. तिला यादीबाहेर ठेवावं, तर यादीलाच अर्थ राहत नाही. म्हणून आम्ही नियमात दुरुस्ती केली : प्रमाण वाऱ्याचं, यंत्राचं नव्हे.

ही दुरुस्ती होताच क्वीनवाले दारात उभे राहिले. सिंथेसायझर वापरलेला नाही, असं वेष्टनावर अभिमानाने छापणारी ही मंडळी. पण ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५) मधल्या ‘द प्रॉफेट्स साँग’च्या आरंभी वारा वाहतो, आणि तो वातानुकूलन यंत्राचा आवाज फेझरमधून काढून तयार केलेला आहे. नव्या नियमाने त्यांना प्रवेश द्यावाच लागेल, आणि मग या लोकप्रिय पाहुण्यांपुढे आमच्या आडवाटेच्या यादीकडे कोण बघणार? तेव्हा दुरुस्ती रद्द करून मूळ नियम पुन्हा लागू केला आहे. ‘इरलिश्ट’ला ज्येष्ठत्वाची सवलत. क्वीनला प्रवेश आहे, पण सिंथेसायझरवादक म्हणूनच. कारण एसीलाही पट्ट्या नसतात, आणि एक गोल बटण असतं.