मधला भाग

आमच्या डब्यात त्यांना सगळे 'अध्यक्ष' म्हणतात. सोसायटीचे नव्हेत, तिथे त्यांना टँकरचे पैसे गोळा करायलाही कोणी सांगत नाही. हे साहित्यातले. २०१७च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला नव्वदावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा शुक्रवारची रजा टाकून हे तिन्ही दिवस सावळाराम क्रीडासंकुलात ठाण मांडून होते. सोमवारी गाडीत चढले ते गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला तसाच ठेवून. त्या दिवसापासून अध्यक्ष.

साहित्य संमेलन आणि फास्ट गाडी या दोघांनी आमच्या दिव्याला सारखंच वागवलं, असा त्यांचा सिद्धांत आहे. २०१०ला संमेलन ठाण्यात झालं, २०१७ला डोंबिवलीत. वाटेत दिवा लागलं असेल, पण थांबलं नाही. फास्ट गाड्या निदान २०१६च्या डिसेंबरात थांबायला लागल्या, तेही आधीच्या वर्षी लोक रुळांवर उतरले तेव्हा. "संमेलनासाठी कोण उतरणार हो रुळांवर?" असं विचारून ते खिडकीबाहेर बघतात. बाहेर बहुधा फाटक उघडं असतं आणि आपली गाडी सिग्नलला उभी असते.

संमेलनातून आले आणि त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. सहा वर्षं लागली. दिवसा फोर्टच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचं, रात्री मुलं झोपली की ओट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहायचं, कारण घरातलं एकुलतं टेबल इस्त्रीसाठी राखीव. कादंबरीचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर ती जाहिरात होईल, आणि जाहिरात हा त्यांचा प्रांत आहे.

एका प्रकाशकानं हस्तलिखित अकरा महिने ठेवून घेतलं. दुसरा म्हणाला, छापतो, पण तीनशे प्रती तुम्हाला विकत घ्याव्या लागतील. अध्यक्षांनी रात्रभर हिशेब केला. आपल्याच पुस्तकाच्या तीनशे प्रती विकत घ्यायच्या, त्यापेक्षा पाचशे छापूनच का घेऊ नयेत? ऑफिसच्या पतपेढीतून 'घरदुरुस्ती'साठी कर्ज काढलं. २०२४च्या श्रावणात टेम्पोनं पाचशे प्रती दिव्याला आल्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, खाकी कागदात, सुतळीनं आवळलेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आधीच पाण्याची चार पिंपं. गठ्ठे दिवाणात मावले तेवढे मावले, उरलेले खिडकीखाली रचले. खिडकीवरचा स्लॅब गळतो. दुरुस्तीच्या पैशातून छापलेली पुस्तकं दुरुस्त न झालेल्या स्लॅबपासून वाचवायला वहिनींनी त्यांच्यावर ताडपत्री घातली. प्रकाशिका म्हणून नाव वहिनींचंच आहे, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहारात प्रकाशकाचं म्हणावं असं एवढंच काम कोणी केलं.

आयएसबीएन मिळाला तो दिवस मला आठवतो. तो आकडा सरकार फुकट देतं, हे अध्यक्षांनी कोणालाही सांगितलं नाही. तेरा आकडे त्यांनी आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवले. पुढे त्यांना कळलं की १९५४चा एक कायदा आहे आणि त्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकानं नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चानं धाडायच्या असतात. पुष्कळ प्रकाशक टाळाटाळ करतात म्हणे. अध्यक्षांना मात्र भरून आलं. आपलं पुस्तक कोणीतरी मागतंय, आणि तेही कायद्यानं! चौथ्या दिवशी चारही पार्सलं गेली. पावत्या लॅमिनेट करून पाकिटात आहेत, आधार कार्डाच्या पुढे.

उरल्या चारशे शहाण्णव. इथून लेखक संपला आणि विक्रेता सुरू झाला.

वितरक निम्मी किंमत मागत होता, म्हणून वितरण स्वतःकडे. बॅगेत डब्याच्या जोडीला कायम सहा प्रती. रजिस्टर्ड बुकपोस्ट स्वस्त पडायचं; त्या डिसेंबरात टपाल खात्यानं ते बंद केलं, तेव्हा अध्यक्ष आठवडाभर सुतकात असल्यासारखे होते. गाडी फाटकासाठी खोळंबली की डब्यात शिव्या सुरू होतात. अध्यक्षांची कळी खुलते. माणूस उतरू शकत नाही, चालू शकत नाही, मोबाइल बघून कंटाळलेला असतो. "बघा, नुसतं चाळायला," म्हणून ते प्रत हातात देतात आणि हात मागे घेतात. एकदा हातात घेतलेली प्रत परत देणं किती अवघड असतं हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. मी तीन घेतल्या.

वाचनालयांना त्यांनी भेटीदाखल प्रती दिल्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय १८९३चं. "एवढ्या जुन्या कपाटात आपण," हे म्हणताना त्यांचा आवाज कापरा होतो. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात दोन महिन्यांनी ते बघायला गेले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती कोरी. मग त्यांनी अनामत भरली, सभासद झाले आणि स्वतःचंच पुस्तक घरी नेलं. पंधरा दिवसांनी परत. पुन्हा नेलं. चिठ्ठीवर आता पाच शिक्के आहेत. ग्रंथपाल बाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकाला बरी मागणी आहे हो." अध्यक्षांनी तो शेरा डायरीत तारखेसह लिहून ठेवला आहे.

साबे गावात एका हळदीला त्यांनी पाकिटाऐवजी प्रत दिली. डीजेच्या दणदणाटात नवरदेवानं ती दोन्ही हातांनी स्वीकारली. मुखपृष्ठावर दहा बोटं पिवळी उमटली. लग्नघरातून ती प्रत पुढे कशी कोण जाणे अध्यक्षांकडेच परत आली. "बघा, हाताळलेली प्रत," म्हणून ते ती कौतुकानं दाखवतात.

एवढं सगळं करून हा माणूस कधी "वाचलंत का?" असं विचारत नाही. ही त्यांची सभ्यता आहे असं मी समजत होतो. ते विचारतात, "मधला भाग कसा वाटला?"

प्रश्न सोयीचा. सुरुवात आवडली म्हटलं तर पुढे वाचलं नाही असा अर्थ निघतो, शेवटाबद्दल बोलायला शेवट माहीत असावा लागतो. मधल्या भागाबद्दल कोणीही बोलू शकतं. आम्ही सगळे बोललो. बँकेतले सावंतवाडीकर म्हणाले, मधला भाग पकड घेतो. दाराजवळ उभा राहणारा कॉलेजातला पोरगा म्हणाला, मधला भाग भारी. मी जरा वाचणारा समजला जातो, म्हणून म्हणालो, "मधला भाग म्हणजे कादंबरीचा कणा आहे." अध्यक्ष प्रत्येक वेळी "असं?" म्हणायचे आणि चष्मा पुसायचे.

गणपतीला गावी जाताना ते दिवा-सावंतवाडी गाडीत प्रती विकतात. क्रॉसिंगला गाडी अर्धा अर्धा तास पडून राहते, ते यांच्या पथ्यावर. गेल्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईंनी पन्नास रुपये कमी करायला लावून एक प्रत घेतली आणि सावर्ड्याला उतरल्या. महिन्याभरानं, एका सकाळी, कोपर आणि दिव्याच्या मध्ये गाडी खोळंबली असताना अध्यक्षांचा फोन वाजला. आम्ही डाऊनला जाऊन डोंबिवलीहून बसून आलो होतो, त्यामुळे फोन घ्यायला हात मोकळा होता. समोरचा आवाज स्पीकरशिवायही अख्ख्या बाकाला ऐकू येत होता.

"शहाण्णव पानाच्या पुढे परत एक्क्याऐंशी आलंय! सोळा पानं दोनदा, आणि पुढची सोळा गायब. पैसे घेताना बरे मोजून घेतलेत. त्या पोराला नोकरी लागली की नाही तेवढं सांगा आधी."

अध्यक्ष उभे राहिले. बसायला मिळालेली जागा सोडून कोणी उभं राहिल्याचं मी या मार्गावर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "लागत नाही हो काकी," ते म्हणाले, "म्हणजे लागते, पण..." आणि गाडी सुटली, दिवा आलं, मुंब्रा गेलं, कळवा गेलं, तरी पान सत्त्याण्णव ते एकशे बारा चाललंच होतं. मधेच काकी काहीतरी बोलल्या आणि अध्यक्षांनी डोळे पुसले. ठाण्याला फोन ठेवून ते आमच्याकडे वळले.

बाइंडरनं सहाव्या फॉर्मच्या जागी सहावा लावलाच, आणि सातव्याच्याही जागी सहावाच लावला. किती प्रतींत, ते त्यालाही सांगता आलं नाही. 'तक्रार आली तर बदलून देऊ' म्हणाला. अध्यक्षांना हे पुस्तक आलं त्याच आठवड्यात कळलं होतं. चौदा महिने ते तक्रारीची वाट पाहत होते.

बाकावर कोणी काही बोललं नाही. सावंतवाडीकरांनी पेपर उघडला. अध्यक्षांनीही कोणाला काही ऐकवलं नाही. त्यांनी बॅगेतून घडी घातलेले सुटे फॉर्म काढले, शिल्लक माल म्हणून प्रेसनं दिलेले, आणि एकेक आमच्या हातात ठेवला. "तुमच्या प्रतीत गडबड असेल तर मधे चिकटवून घ्या."

संध्याकाळी मी घरी तिन्ही प्रती शोधल्या. एक वॉशिंग मशीनच्या पायाखाली होती. तिन्हींत शहाण्णवनंतर नीट सत्त्याण्णव आहे. म्हणजे मी कण्याबद्दल म्हणालो ते निदान तांत्रिकदृष्ट्या खोटं ठरत नाही. पण उद्या हे त्यांना सांगायला जावं, तर ते शांतपणे विचारणार, मग नोकरीचं पुढे काय झालं?

सध्या पान बारावर आहे.