गच्चीवरचे बागाईतदार

सातबाऱ्यावर नाव नाही, पण मृग कोरडा गेला की ज्याला झोप लागत नाही, असा एक तरी बागाईतदार हल्ली पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत सापडतो. वय साठीच्या पुढं, हयात बँकेत नाहीतर विमा कंपनीत गेलेली. निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर कुणीतरी तुळशीचं रोप हातात ठेवतं आणि तिथून या प्रकाराला सुरुवात होते. तुळशीला सोबत म्हणून मिरची येते, मिरचीमागून वांगं येतं आणि वर्ष उलटायच्या आत लिफ्टमध्ये शेणखताची गोणी आपल्या शेजारी उभी असते. लिफ्टमधली माणसं नाकाला रुमाल लावतात. काका मात्र दीर्घ श्वास घेऊन म्हणतात, "पूर्ण कुजलेलं आहे. वास येतोय का बघा!"

काकांशी भाजी या विषयावर बोलू नये. "दुधी विकत आणता तुम्ही?" हे ते अशा आवाजात विचारतात, की आपण घाईघाईनं पिशवी पाठीमागं लपवतो.

त्यांच्या या शेतीला शास्त्राधार मात्र भक्कम असतो. उशाशी श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी'. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हा दाभोळकरांचा विचार काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. काकांच्या वाट्याची गच्ची, टाकी आणि सौर बंब वगळून, जेमतेम अर्धा गुंठा. "म्हणजे पाव माणूस जगायला हरकत नाही," काकू चहा ठेवता ठेवता म्हणतात.

दाभोळकरांच्या पाठोपाठ सुभाष पाळेकरांचं जीवामृत येतं. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती, हे प्रमाण एका एकराचं. काकांनी बँकेतल्या सवयीनं भागाकार करून ते एका बादलीवर आणलं आहे. शेण गोठ्यातून येतं, माती टेकडीवरून येते आणि बेसन काकूंच्या डब्यातून जातं. ज्या रविवारी पिठल्याचा बेत ठरतो, त्या रविवारी डब्याचा तळ दिसतो. काका तेव्हा जमिनीतल्या जिवाणूंच्या भुकेविषयी बोलू लागतात. घरातल्या जिवाणूंनी वरण-भात खायचा.

सोसायटीच्या सभेत दरवर्षी गच्चीचा विषय निघतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ निवृत्त अभियंते. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं, हे ते छताच्या ओलीचे फोटो फिरवत सांगतात. यावर काका शांतपणे उठतात. "माती वापरतोय कोण?" आणि मग मुंबईच्या डॉ. दोशींची उसाच्या चिपाडावरची शेती, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली भाजी, असं सगळं साग्रसंगीत होतं. चिपाड हलकं असतं, पाणी धरून ठेवतं, कुजून खत होतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे, हीच त्या अभियंत्यांची पंचाईत. विषय पुढच्या सभेवर जातो. दुसऱ्या दिवशी काका रसवंतीच्या मागच्या बाजूला पोतं घेऊन उभे.

काकांचा खरा कस लागतो तो दुधीच्या वेळी. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल लांब देठावर मिरवतं. मादी फुलामागं बोटाएवढा, लव असलेला दुधी आधीच बसलेला असतो. परागकण पोचले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. पाचव्या मजल्यावर किडे-पतंग येतील, या भरवशावर काका बसत नाहीत. ते नर फूल खुडतात, त्याच्या पाकळ्या मागं मुडपतात आणि मधला केसर मादी फुलावर अलगद फिरवतात. हे सगळं साडेसहा-सातच्या सुमाराला, म्हणजे नेमकं स्वागत समारंभाच्या वेळेला. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला काकू एकट्याच गेल्या. "काका का नाही आले?" असं विचारल्यावर काकूंनी, "घरीही एक लग्नच आहे," एवढंच सांगितलं.

कबुतरांसाठी दोरीवर जुन्या सीड्या टांगल्या आहेत. वाऱ्यावर चमकतात छान. त्यातली एक थोरल्या चिरंजीवांच्या मुंजीची आहे, हे काकूंना अजून कळलेलं नाही. कबुतरं तिच्याच खाली बसतात.

इतकं करून भाजी लागते. आणि इथंच गाडी अडते, कारण लागलेली भाजी तोडायची नसते. ती दाखवायची असते. भेंडी फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत काढावी, हे काका दुसऱ्यांना शिकवतात. स्वतःची भेंडी मात्र रविवारपर्यंत थांबते, कारण लेकीचा व्हिडिओ कॉल अमेरिकेतून रविवारी येतो. मग इस्त्रीचा सदरा, हातात कात्री, काकूंच्या हाती ताट. भेंडी ताटात पडताना तिचा चक्क आवाज होतो. मंडईत बायका करतात तसं काकू शेंडा मोडून बघायला जातात. शेंडा मोडत नाही, नुसता वाकतो. काका दचकत नाहीत. "ती बियाण्याला ठेवलीय मुद्दाम."

जून झालेली गवार बियाण्याची, पिकून पिवळी पडलेली काकडी बियाण्याची. वाळून खडखडणारं घोसाळं तर बियाण्याचंही आणि अंग घासायलाही. घरात बियाण्याच्या इतक्या पुड्या साठल्या आहेत, की अर्धा तालुका पेरून होईल. हळदी-कुंकवाचं वाण काय लुटायचं, हा प्रश्न काकूंना कधी पडत नाही.

हिशेबाकडे वळू नये. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी अर्क, हिरवी जाळी हे सगळं धरलं, तर काकांचं एक वांगं चांदीच्या वाटीच्या भावात जाईल. पण २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोमागं शंभरावर गेला, तेव्हा काकांच्या रोपांना सात टोमॅटो होते. ते दिवस काकांचे. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला ते विचारत, "काय भावानं आणलेत?" त्याच सालच्या सप्टेंबरात भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतले. काकांचे ते सात अजून फ्रीजमध्येच होते. खरी शेती आणि गच्चीतली शेती यांत फरक एवढाच, की काकांना भाव मिळाला नाही तरी पेन्शन एक तारखेला येते.

त्यांच्याकडून भाजी घ्यायची वेळ आलीच, तर दुधी घेऊ नका. तो पाहुण्यांना दाखवून दाखवून जून झालेला असतो. वांग्याला सुरी लावताना आत कोण राहतं, ते बघून घ्या. मेथी मात्र निःसंकोच मागा. तिला महिन्याच्या आत उपटावीच लागते, तिच्याबरोबर फोटो काढून घेण्याइतकी उंची तिला नसते, त्यामुळे ती काकांच्या हातून वेळेवर सुटते. अशी कोवळी मेथी मंडईत मिळत नाही.