लोणावळ्यात माणसंही राहतात

लोणावळ्याला लोकसंख्या दोन आहेत. सोमवार ते शुक्रवारची 2011 च्या जनगणनेत 57 हजारांच्या आसपास भरली. शनिवार-रविवारची मोजायला अजून कुणी पोचलेलं नाही. मोजणारा वलवणच्या एक्झिटला अडकला असणार.

मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचं ठाम मत असतं की आम्ही बारा महिने सहलीवर आहोत. "तुमचं काय बाबा, खिडकी उघडली की धुकं!" खरं आहे. जुलैत खिडकी उघडली की धुकं आत येतं आणि सप्टेंबरपर्यंत कपाटात मुक्काम करतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चपला, पुस्तकं आणि लग्नातला शालू यांना बुरशी अगदी समभावाने येते. गॅसच्या शेगडीवर मोजे वाळवणाऱ्या माणसाला कुणी "काय रोमँटिक हवा आहे हो" म्हणालं, तर त्याने काय उत्तर द्यावं?

हेच नातेवाईक शनिवारी सकाळी फोन करतात. "जेवायचं काही करू नकोस गं, फक्त फ्रेश होऊन पुढे जाणार." फ्रेश होणाऱ्यांत दोघे ओळखीचे, बाकीचे त्यांच्या ऑफिसातले. जाताना प्रश्न ठरलेला, "ओरिजिनल चिक्की कुठे मिळते?" याचं उत्तर भर रस्त्यात देणं धोक्याचं आहे. इथलं प्रत्येक दुकान ओरिजिनल आणि शेजारचं त्याहून जुनं. आम्ही स्वतः चिक्की क्वचितच खातो, पण लग्नामुंजीला न्यावी लागते. दाढ काढलेल्या आजोबांना भेटायला जातानाही नेतो, कारण लोणावळ्याचा पाहुणा आला की घरातल्यांची नजर आधी पिशवीवर जाते.

गावाचे स्वतःचे काही नियम आहेत. भाजी, दूध, औषधं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवायची. आजारी पडायला मंगळवार उत्तम. रविवारी कुमार चौकात ॲम्ब्युलन्स अडकली की तिला वाट द्यावी असं प्रत्येक गाडीवाल्याला मनापासून वाटतं, फक्त द्यायला वाट नसते. आपल्याच फाटकासमोर कुणाची तरी पांढरीशुभ्र गाडी उभी असते आणि मालक टायगर पॉइंटला रील काढत असतो. तो परत आला की आपण नम्रपणे म्हणावं, "जरा गाडी काढता का?" तो आपल्याला आपादमस्तक न्याहाळून विचारतो, "तुम्ही इथलेच का?" हो म्हटलं की लगेच, "मग भुशी डॅमला शॉर्टकट सांगा ना."

तुंगार्लीच्या बाजूला बंगल्यांना 'निवांत', 'शांतिवन' अशी नावं दिसतात. आठवड्यातले पाच दिवस ती शब्दशः खरी असतात. शुक्रवारी रात्री 'निवांत'मध्ये स्पीकर उतरतात. तक्रार केली की पोलीस येतात, आवाज बसतो, पोलीस जातात, आवाज उठतो.

पण पाहुण्यांना तरी दोष का द्यावा? हे गाव पहिल्यापासून दुसऱ्यांच्याच सोयीचं. 1863 मध्ये बोरघाट चढून रेल्वे वर आली. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेने भुशी धरण बांधलं. पुढे टाटांनी आमचा पाऊस तलावांत अडवला, खोपोलीला खाली सोडला आणि 1915 पासून मुंबईला वीज दिली. मुंबई उजळली. आमच्याकडे दोन सरी आल्या की दिवे जातात, ते सोडा. 1998 मध्ये 'गुलाम'मधल्या एका गाण्याने अख्ख्या देशाला खंडाळ्याचं आमंत्रण धाडलं. खंडाळकरांना कुणी विचारलं नाही. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि आमंत्रण मिळालेले सगळे एकदम निघाले.

वाफेची इंजिनं गेली, धरण राहिलं. दर पावसाळ्यात ते भरतं, पायऱ्यांवरून पाणी वाहू लागतं आणि वर्तमानपत्रात मथळा येतो: 'भुशी ओव्हरफ्लो, पर्यटकांमध्ये आनंद'. तो वाचून मुंबईकर गाडीत पेट्रोल भरतो आणि लोणावळेकर घरात किराणा.

30 जून 2024 ला याच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात चार मुलं होती. त्यांना शोधायला पाण्यात उतरलेल्यांत शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाचे स्वयंसेवकही होते. पाहुणे रील काढतात, इथली पोरं दोर काढतात. रविवार दोघांचाही जातो. त्यानंतर संध्याकाळी सहाच्या पुढे पर्यटनस्थळं बंद, असा आदेश निघाला. तेव्हा पाचला निघायचं असतं हे कळायला हवं होतं. लोकांना कळलं ते इतकंच, की गर्दी आता दुपारीच करायला हवी.

आमची बोलायची चोरी आहे, हेही कबूल. कणीस भाजणारी बाई, रिक्षावाला, बंगल्यांचे राखणदार, हॉटेलात भांडी घासणारी मुलं, सगळ्यांची चूल या गर्दीवरच पेटते. पाहुण्यांना शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी गल्ला मोजायचा, हा आमचा स्थानिक उद्योग. वरची खोली भाड्याने द्यावी असं मीही घरात सुचवून पाहिलंय. रस्त्यावर फुकट भांडणारे आहेतच, घरात निदान पैसे देऊन भांडतील.

म्हणून पर्यटनबंदी वगैरे काही मागत नाही. मागणं संपादकांकडे आहे. यंदा धरण भरलं तर ती बातमी आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या खाली, बारीक टायपात छापा. फोटो लागलाच तर मे महिन्यातला वापरा. आणि वाचकहो, यायचंच असेल तर बुधवारी या. चहा घरचा देऊ, शॉर्टकटही खरा सांगू.