दोन माणसांचं वजन

"वहिनी, कढीपत्ता हवाय ना? घ्या हात घालून, फांदी तुमच्याकडेच वाकलीय. आणि त्या ठाकठुकीचं मनावर घेऊ नका हं, आमच्याकडचीच आहे."

"मला वाटलं, शीळ रोडचे मेट्रोवाले आपल्या गल्लीत शिरले."

"छे हो, आमचे हे गाडीखाली शिरलेत. ते बघा, पायजमा तेवढा दिसतोय."

"तीच हेराल्ड?"

"तीच. ६६ची, मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यातली. दोन दारांची, म्हणून हे तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. हसले, तर म्हणाले, इंग्लंडात हीच चासी आखूड करून १९६२ला स्पिटफायर काढली, खालून बघ, सख्ख्या बहिणी. आता मी कशाला खालून बघू?"

"बिघडलंय काय पण?"

"मागची बाजू. परवा खिडकाळीला देवळात गेलो होतो. येताना एक बाइकवाला आडवा आला, यांनी चटकन वळवली, तर गाडी मागून अशी उचलली आणि घसरली म्हणून सांगू! माझ्या मांडीवरचा नारळ थेट काचेवर."

"अगं बाई!"

"साध्या जुन्या गाडीत मागची चाकं एका सरळ दांड्यावर असतात. हिचे दांडे मधून सुटे, पंखांसारखे वरखाली होणारे, आणि वर आडवा एकच कमानपाटा. हळू चाललात तर खड्डा कळत नाही. वेगात वळलात की बाहेरचं चाक आत दुमडतं. चप्पल तिरकी पडून पाय मुरगळतो ना, तस्सं."

"कंपनीला कळलं नाही?"

"न कळायला काय! १९७२ला आपल्याकडे गझेल आली, तिला सरळ अखंड दांडा दिला. तो पंखांचा प्रकार ना गिऱ्हाइकाला रुचला होता, ना मेस्त्रीला. म्हटलं, तुम्हीही तेच करा. तर असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी कुलदैवत बदला म्हणाले."

"मग आता काय ठोकतायत?"

"स्पिटफायरचा पाटा. इंग्रजांनी १९७० संपता संपता युक्ती काढली. जुडीतला एकच पाटा घट्ट आवळायचा, बाकीचे मधल्या खिळीवर डुलू द्यायचे. दोन्ही चाकं खड्ड्यात गेली तर अख्खी जुडी झेलते, वळणावर मात्र एकटा पाटा. मग गाडी उचलायला जोरच उरत नाही."

"म्हणजे आवळायचं सोडून सैल केलं?"

"मागे सैल, पुढचा अँटी-रोल बार जाड. मलाही आधी पटेना. कल्याण फाट्याचा कमानपाटेवाला तर हातच जोडायला लागला. 'काका, पाटा सैल राहिला म्हणून लोक माझ्याशी भांडतात, तुम्ही पैसे देऊन सैल करून मागताय!' शेवटी भाच्याने लंडनहून आणला. बॅगेत एवढा जड पाटा, म्हणून सूनबाईंनी सांगितलेली चॉकलेटं तिकडेच राहिली. ती अजून धड बोलत नाहीये."

"आणि त्या जुन्या गाड्यांच्या पाटीचं काय झालं?"

"व्हीएची? २०२१चा नियम आहे. पन्नाशी उलटलेली गाडी, वीस हजार फी, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठी ढवळाढवळ नको. कमानपाटा त्यात मोडतो का, यावर आमच्याकडे दोन रात्री खल झाला. बरं, ती पाटी लागली की रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, नाहीतर पेट्रोल भरायला."

"म्हणजे खिडकाळी बंदच."

"रिक्षा आहे की. निदान नारळ तरी मांडीवर राहील... आले हो, आले! अर्ध्या इंचाचा पाना ना? तुमच्या उशाशीच आहे! बरं वहिनी, दहा मिनिटं याल का इकडे? शेवटचे नट आवळताना गाडीत दोन माणसांचं वजन लागतं म्हणे, नाहीतर बुश पिळवटतात. मी बसणारच आहे, पण हे म्हणाले, एकटीने भागायचं नाही. आणि हो, भावोजी घरी असतील तर तुम्ही राहू द्या, त्यांनाच पाठवा."